दोन हजार रुपये कशाचे?

गेले पंधरा दिवस आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्यावर खटला चालू आहे. आरोप असा, की मी सख्ख्या भाच्याचा एका गॅरेजवाल्यासमोर पाणउतारा केला. फिर्यादी अर्थातच भाचा. त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, त्याच्या बाजूने. अमेरिकेतला माझा भाऊही त्याच्याच बाजूने (तो नेहमीच तरुणांच्या बाजूने असतो, त्याला खर्च नसतो). ग्रुपवर चार ओळींच्या वर लिहिलं की कुणी वाचत नाही, म्हणून माझी बाजू इथे मांडते आहे. ब्लॉगवरची नेहमीची मंडळी पंच म्हणून आहेतच.

आधी घडलं ते सांगते.

आमची मारुती ८०० तुम्हाला ठाऊक आहे. २००८ सालची. ह्यांनी २०११ मध्ये सेकंडहँड घेतली आणि मला साठी उलटल्यावर चालवायला शिकवली. हे २०१६ मध्ये गेले. तेव्हापासून गाडी मीच चालवते. १९८३ च्या डिसेंबरात ही गाडी बाजारात आली तेव्हा आम्ही शाळेच्या स्टाफरूममध्ये तिचे फोटो वर्तमानपत्रात बघत होतो. २०१४ मध्ये ती बनवणं बंद झालं. पण माझी अजून चालते आहे, आणि पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत रीतसर पुन्हा नोंदणीही करून घेतली आहे.

तर या मे महिन्यात साताऱ्याहून वाईला बहिणीकडे गेले होते. तिथून सगळ्यांनी पाचगणीला जायचं ठरलं. सुट्टीचे दिवस, पसरणीचा घाट पर्यटकांच्या गाड्यांनी भरलेला. दहा पावलं पुढे, मग थांबा. परत दहा पावलं. अर्ध्या घाटात इंजिन नुसतंच गुरगुरायला लागलं, गाडी काही वेग घेईना, आणि जळका वास सुटला. मागच्या सीटवरून भाचा म्हणाला, "मावशी, क्लच गेला. तू क्लचवर पाय ठेवून चालवतेस ना!"

मला राग आला. बायकांच्या ड्रायव्हिंगवर बोलायला मिळालं की पुरुषांना कसा आनंद होतो ते मी चांगलं ओळखते. पण त्याचं म्हणणं खरं होतं, हे पुढे येईलच.

साताऱ्यात परत आल्यावर गाडी आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी लगेच "प्लेट बदलावी लागेल" असं म्हटलं नाही. आधी केबल बघितली. मारुती ८०० चा क्लच केबलवर चालतो. प्लेट झिजत जाते तशी पेडलची मोकळी चाल कमी होत जाते, आणि ती अजिबात उरली नाही तर पाय न ठेवताही क्लच थोडा दाबलेलाच राहतो. मग प्लेटमध्ये दम असला तरी गाडी स्लिप मारते. त्यांनी केबलचा नट फिरवून चाल दिली आणि पुन्हा बघितलं. हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून, क्लच हळूहळू सोडला. इंजिन बंद पडायला हवं होतं, ते चालूच राहिलं. मग म्हणाले, "बाई, प्लेट संपली. सामान सव्वातीन हजार, मजुरी दोन हजार. दुपारपर्यंत देतो."

मी हो म्हणणार होते. पण शनिवार-रविवारसाठी पुण्याहून भाचा आला होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, दोन हजार कशाचे? चार तासांचं काम आहे. मी यूट्यूबवर तीन व्हिडिओ बघितलेत. गिअरबॉक्स उतरवायची, प्लेट बदलायची, परत चढवायची. त्यात काही नाही."

"त्यात काही नाही." ही तीन अक्षरं... म्हणजे हे तीन शब्द लक्षात ठेवा. माझा सगळा लेख याच तीन शब्दांविरुद्ध आहे.

क्लचचं सामान त्याने ऑनलाइन मागवलं. पान्यांचा सेट आणि जॅकही मागवला. त्याचे सत्तावीसशे रुपये झाले, ते हिशोबात धरायचे नाहीत असं ठरलं, कारण "ते पुढे उपयोगी पडतील". पुढच्या शनिवारी सकाळी नऊ वाजता आमच्या अंगणात काम सुरू झालं. मी टॉर्च धरायला.

दुपारी दोनपर्यंत चाक निघालं, बॅटरीची वायर, केबली, स्टार्टर निघाला. बोल्ट गंजलेले होते. एकाचं डोकं पाना घसरून गोल झालं, ते काढण्यात दीड तास गेला. गिअरबॉक्समधलं ऑइल आधी काढायचं असतं, ते राहिलं. अ‍ॅक्सल ओढल्याबरोबर सगळं ऑइल फरशीवर आणि भाच्याच्या शर्टावर. इथपर्यंत हसण्यासारखंच होतं, आणि मी हसलेही.

पण गाडी पेलण्यासाठी त्याने विटा रचल्या होत्या. एका बाजूला जॅक, दुसऱ्या बाजूला विटांचा थर. मी दोनदा म्हटलं, "अरे, हे बरोबर दिसत नाही." तो म्हणाला, "मावशी, अख्खं घर विटांवर उभं असतं." चार वाजता गिअरबॉक्स मोकळी झाली. तांदळाच्या कट्ट्यासारखी जड. ती छातीवर घेऊन तो कसाबसा खालून बाहेर सरकला. ती बाजूला ठेवून परत आत शिरणार, एवढ्यात मी स्वयंपाकघरातून हाक मारली, "पन्हं घे आधी." तो उठून ओट्याकडे आला. ग्लास हातात घेतला आणि मागे धाडकन आवाज झाला. वरून तिसरी वीट मधोमध फुटली होती. गाडी कलली, जॅकवरून सरकली आणि चाक नसलेल्या बाजूने खाली बसली. ब्रेकची डिस्क फरशीत रुतली. जिथे क्षणापूर्वी त्याचं डोकं होतं, तिथे आता हाताचा पंजा शिरेल एवढीच जागा होती.

आम्ही दोघंही बराच वेळ बोललो नाही. पन्हं त्याच्या हातातून सांडत होतं. ग्रुपवर या प्रसंगाचा उल्लेख त्याने "गाडी जरा खाली बसली" असा केला आहे. बहिणीला खरं काय झालं ते आज हा लेख वाचूनच कळेल. तायडे, रागावू नकोस, पण तुझा मुलगा त्या दिवशी कैरीच्या पन्ह्याने वाचला.

शेजारच्या मुलांनी गाडी उचलून लाकडी ओंडक्यांवर ठेवली. रविवारी सकाळी नवी प्लेट बसवली, आणि मग गिअरबॉक्स काही जागेवर जाईना. सगळीकडे बोटभर फट राहायची. त्याने बोल्ट लावून ती ओढून घ्यायला सुरुवात केली. कट्ट असा आवाज आला. मी म्हटलं, "बास. आता फोन करते."

रविवार, गॅरेज बंद. तरी मिस्त्री चार वाजता आले. बरोबर एक पोऱ्या आणि दोन लोखंडी घोड्या. आधी एक शब्द न बोलता त्यांनी ओंडके काढून गाडी घोड्यांवर घेतली आणि दोन्ही हातांनी जोर लावून हलवून बघितली. मग खाली गेले. भाच्याला म्हणाले, "साहेब, अजून अर्धा आटा फिरवला असता तर गिअरबॉक्सचा कान तुटला असता. अल्युमिनियम आहे." प्लेट बरोबर मध्यावर बसलेली नव्हती, डोळ्यांना दिसणार नाही एवढी खाली होती, त्यामुळे शाफ्टचं टोक भोकात जात नव्हतं. त्यांनी पिशवीतून एक जुना गिअरचा शाफ्ट काढला. तो प्लेटमध्ये घालून प्लेट मध्यावर आणायची, मग प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळायचे. पण ते करण्याआधी त्यांनी फ्लायव्हीलच्या मागे बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. तेलकट होतं.

"बाई, मागचं सील गळतंय. आता नाही बदललं तर नवी प्लेट तेल पिऊन सहा महिन्यांत परत स्लिप मारेल. मग हेच सगळं पुन्हा खोलायचं."

पोऱ्याला पाठवून सील आणलं, फ्लायव्हील उतरवलं, सील बदललं, सगळं जोडलं. रात्री आठ वाजता गाडी चालू. पैसे विचारले, तर म्हणाले, "ठरले होते तेवढेच. दोन हजार. आणि सीलचे दीडशे."

आणि इथे भाचा बोलला. "मिस्त्री, गिअरबॉक्स तर आम्ही उतरवूनच ठेवली होती. सामानही आमचंच. अर्धं काम झालेलं होतं. हजार घ्या."

मिस्त्री हसले. म्हणाले, "साहेब, दुसऱ्याने खोललेली गाडी जोडायला जास्त वेळ लागतो. कुठला बोल्ट कुठला, ते आधी शोधावं लागतं."

तरी हा "बाराशे घ्या" म्हणाला. तेव्हा मी जे बोलले त्याला अपमान म्हटलं जातंय. मी एवढंच म्हणाले, "काल तू मेला असतास. आज हा माणूस रविवारची सुट्टी टाकून तुझी चूक निस्तरायला आला, आणि तू त्याच्याशी आठशे रुपयांसाठी हुज्जत घालतोस? लाज वाटली पाहिजे." मिस्त्रींना बावीसशे दिले. पन्नास परत देत होते, मी घेतले नाहीत.

हा झाला प्रसंग. आता ग्रुपवर आलेले मुद्दे एकेक घेते.

पहिला मुद्दा, "त्यात काही नाही, नुसते नटबोल्ट आहेत." मी छत्तीस वर्षं मराठी शिकवलं. बालभारतीचं पुस्तक कुणालाही दुकानात मिळतं, अक्षरओळख असलेल्या कुणालाही वाचता येतं. उद्या एखादा पालक म्हणाला असता, "बाई, पुस्तक आम्ही विकत घेतलंय, धडा छापलेलाच आहे, तुम्हाला पगार कशाचा?" तर आमच्या स्टाफरूमने त्याला काय उत्तर दिलं असतं? नटबोल्ट म्हणजे छापील धडा. मिस्त्रींचं काम म्हणजे फ्लायव्हीलच्या मागे बोट फिरवायचं सुचणं. व्हिडिओतल्या गाडीचं सील चांगलं होतं, म्हणून व्हिडिओत ते कुणी दाखवलं नाही. आपल्या गाडीचं काय बिघडलंय ते व्हिडिओ कसा सांगणार?

आणि एक बघा. क्लच प्लेटच्या खोक्यावर किंमत छापलेली होती. तिच्यात भाच्याने एक रुपया कमी करा म्हटलं नाही. कुणाला म्हणणार? खोक्याशी भांडता येत नाही. समोर उभ्या, हात काळे झालेल्या माणसाशी मात्र लगेच घासाघीस करता येते. वस्तूची किंमत आपल्याला मान्य असते, ती वस्तू बसवणाऱ्या हातांची नसते. प्लंबर, सुतार, शिंपी, गवंडी, सगळ्यांशी आपण असंच वागतो. नळ आठशेचा घेतो आणि बसवायचे दोनशे मागितले की "एवढे?" म्हणतो.

दुसरा मुद्दा, "गॅरेजवाले फसवतात." फसवतात ना. मलाही एकदा एकाने फसवलं आहे. न बदललेल्या पार्टचे पैसे घेतले. पण शाळेत नीट न शिकवता संध्याकाळी त्याच मुलांची शिकवणी घेणारे मास्तर मी पाहिले आहेत. म्हणून कुणी मुलांना शाळेतून काढून घरी बसवलं नाही. फसवणुकीवर उपाय म्हणजे जाणकार होणं. स्वतः गाडीखाली झोपायची त्यासाठी गरज नाही. मिस्त्रींनी केली ती परीक्षा आपल्यासमोर करायला सांगा. केबलची चाल बघितली का ते विचारा. काढलेली जुनी प्लेट हातात मागून घ्या. तिच्या अस्तरावर रिव्हेट असतात. अस्तर झिजून रिव्हेटच्या पातळीला आलं असेल तर ती संपली, त्यात वाद नाही. नवं सामान खोक्यासकट बघा. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदमच बदलतात, कारण परत परत गिअरबॉक्स उतरवणं परवडत नाही. एवढं कळलं तरी निम्मी फसवणूक थांबते. हे कळायला मला सत्तरी ओलांडावी लागली, ही माझी चूक.

तिसरा मुद्दा माझ्या भावाचा, अमेरिकेतला. "इथे सगळे स्वतःच करतात, कुणाला कमीपणा वाटत नाही." सगळे करत नाहीत हे तोही जाणतो, पण बरेच करतात हे मान्य. तिथे मजुरी महाग आहे. घराला स्वतःचं गॅरेज असतं, खाली सपाट काँक्रीट असतं, गाडीखाली लावायच्या घोड्या सहज मिळतात, आणि करणारे त्या वापरतात. आपण तिकडून काय घेतलं? व्हिडिओ घेतला, घोड्या घेतल्या नाहीत. आणि दादा, तिथे मजुरी महाग आहे याचा अर्थ तिथे हाताने काम करणाऱ्याला पोट भरून पैसे द्यावे लागतात. ते का नाही रे इकडे आणायचं?

चौथा मुद्दा सगळ्यात मोठा, आणि तो माझ्याच हत्याराने माझ्यावर केलेला आहे. "मावशी, तूच आम्हाला लहानपणी स्वावलंबनाचे धडे दिलेस. कर्मवीरांच्या गोष्टी सांगितल्यास."

सांगितल्या. साताऱ्यात राहून त्या कोण सांगणार नाही? भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं, आणि स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचं ब्रीद ठरवलं. 'कमवा आणि शिका' हे शब्द महाराष्ट्राला साताऱ्याने दिले. पण त्यातला पहिला शब्द नीट वाचा. कमवा! गरिबाच्या पोराने शेतात, बांधकामावर घाम गाळायचा, आणि त्या घामाला मोल आहे म्हणून त्यातून त्याचं शिक्षण व्हायचं. श्रमाला किंमत आहे हा त्या योजनेचा पायाच आहे. दुसऱ्याच्या श्रमाची किंमत वाचवण्यासाठी आपण ते काम अर्धवट करायचं, याला कर्मवीरांचं नाव देऊ नका. पुण्यात चांगल्या पगारावर असलेल्या माणसाने मिस्त्रीचे दोन हजार वाचवले, तर त्यात स्वावलंबन कुठे आलं?

इथे मला माझ्याबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर हा लेख नुसता भाच्यावरचा होईल.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) शाळेत कार्यानुभव असावा असं सांगितलं. मुलांच्या हातांना काम कळावं, कामाबद्दल आदर वाटावा हा हेतू. हा विषय मी बरीच वर्षं घेतला. काय केलं आम्ही? क्रेपच्या कागदाची फुलं, आइस्क्रीमच्या काड्यांची घरं, मेणबत्त्या. निम्म्या वस्तू आयांनी रात्री जागून केलेल्या. मी त्याला दहापैकी नऊ गुण द्यायचे. सायकलचं पंक्चर काढणं, फ्यूज बसवणं, नळाचा वायसर बदलणं यातलं काहीही आमच्या शाळेतून शिकून मुलं बाहेर पडली नाहीत. बाहेरच्या एखाद्या मिस्त्रीला बोलावून दोन तास शिकवायला सांगावं, असं आम्हाला कधी सुचलं नाही. सुचलं असतं तरी "हा काय शिकवणार?" असंच आम्ही म्हटलं असतं.

आणि दुसरं याहून वाईट. नववी-दहावीच्या वर्गात एखाद्या मुलाला कविता पाठ आली नाही, शुद्धलेखन चुकलं, की माझं एक ठरलेलं वाक्य होतं, "तू आयटीआयलाच जा." सगळा वर्ग हसायचा. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स असतो, त्यात इंजिन, गिअर, ब्रेक, विजेचं काम शिकवतात, प्रवेशाला गुण लागतात, यातलं काहीही मला तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. मी ते वाक्य शिक्षा म्हणून वापरत होते. माझ्यासारख्या हजारो शिक्षकांनी ते वापरलं असेल. मग पुढच्या पिढीने "त्यात काही नाही" म्हटलं तर दोष कुणाचा? भाच्याला मी "लाज वाटली पाहिजे" म्हणाले, त्यातला अर्धा वाटा माझा आहे. तो मी इथे जाहीरपणे उचलते. बाकीचा अर्धा त्याने उचलावा.

आता कुणी असा अर्थ काढू नये, की शिकलेल्यांनी गाडीला हात लावू नये. उलट! भाच्याचे हात काळे झाले याचा मला आनंदच आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कळलं की गंजलेला बोल्ट म्हणजे काय. ज्याला आवड आहे, त्याने जरूर करावं. पण घोड्या आणाव्यात, नुसत्या जॅकवर किंवा विटांवर टेकवलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. आतली काळी धूळ फुंकून उडवू नये (पूर्वीच्या प्लेटच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असायचं, आणि ते फुप्फुसाला घातक). पहिल्यांदा करताना जाणत्या माणसाला शेजारी बसवावं आणि त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत. शिकण्यासाठी करा. मजुरी बुडवण्यासाठी करू नका. या दोन्हीत मला फार मोठा फरक दिसतो. ज्याने शिकण्यासाठी केलं, त्याला मिस्त्रींबद्दलचा आदर वाढलेला दिसेल. ज्याने पैसे वाचवायला केलं, तो शेवटी "बाराशे घ्या" म्हणेल.

आणि खरंच स्वावलंबन हवं असेल तर ते आपल्या डाव्या पायात आहे. हे मला मिस्त्रींनी शिकवलं. काम झाल्यावर त्यांनी जुनी प्लेट माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "बाई, राग मानू नका. गाडी चालवताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवता का?" ठेवते. म्हणजे ठेवायची. मग त्यांनी समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, शिक्षकाची खोड आहे.

देवघरातली सहाण डोळ्यांसमोर आणा. इंजिनाबरोबर फिरणारं फ्लायव्हील म्हणजे सहाण आणि क्लच प्लेट म्हणजे चंदनाचं खोड. पाय पूर्ण उचललेला असला की खोड सहाणेवर घट्ट दाबलेलं असतं, दोन्ही एकत्र फिरतात, घासत नाहीत. पाय पूर्ण दाबला की खोड उचललेलं असतं, तेव्हाही घासत नाही. मधल्या स्थितीत, म्हणजे हाफ क्लचवर, खोड उगाळलं जातं. गाडी सुरू करताना तेवढं लागतंच. पण मी पसरणीच्या घाटात ब्रेक न लावता क्लचवर गाडी तोलून धरत होते. दर वेळी चंदन उगाळत होते. वास तेवढा चंदनाचा नव्हता. आणि सरळ रस्त्यावरही पाय टेकलेला असेल तर थोडं थोडं उगाळणं चालूच राहतं.

आता मी चढावर थांबले की हँडब्रेक ओढते. गिअर बदलून झाला की पाय उचलून बाजूला ठेवते. महिन्यातून एकदा पेडल हाताने दाबून मोकळी चाल आहे का बघते, आणि कमी वाटली तर केबलचा नट कुठल्या बाजूला फिरवायचा तेही मिस्त्रींनी दाखवलं आहे. पंधरा मिनिटांचं काम. एक पाना लागतो (भाच्याने घेतलेल्या सेटमधला. सत्तावीसशेतले थोडे वसूल!). गाडीखाली झोपावं लागत नाही. यात मिस्त्रींचं नुकसान आहे, माझा क्लच आता लवकर जाणार नाही. तरी त्यांनी शिकवलं. याचे पैसे विचारले तर म्हणाले, "याचे कसले पैसे, बाई?"

ज्या माणसाकडे आपण दोन हजारातले आठशे कमी करायला निघालो होतो, त्याने आपली विद्या फुकट दिली. आणि विद्यादानाबद्दल आयुष्यभर भाषणं दिली मी.

तर पंचमंडळी, हे आहे माझं म्हणणं. भाच्याचा अपमान झाला असेल तर मी त्याची मावशी आहे, मला तो हक्क आहे. मिस्त्रींचा झाला तो कुणाच्या हक्कात बसतो ते ग्रुपवरच्यांनी मला सांगावं. तुम्हाला काय वाटतं तेही कळवा. विशेषतः ज्यांनी स्वतः गाडीचा क्लच बदलला आहे त्यांनी, आणि त्यांनी घोड्या वापरल्या होत्या का तेही लिहावं.

भाच्या, तू हे वाचणार आणि फोन करणार, मला माहीत आहे. पुढच्या महिन्यात ऑइल बदलायचं आहे. ये. मिस्त्रींशी बोलून ठेवलंय, त्यांच्या गॅरेजमध्ये, त्यांच्या घोड्यांवर, ते तुला शिकवतील. अर्ध्या दिवसाची त्यांची मजुरी तू द्यायची, घासाघीस न करता. पन्हं मी आणते.